पालकांचा निर्णय, मुलांचे नागरिकत्व

महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाली. तिच्या आधी काही महिने आमच्या महाविद्यालयात नवमतदारांच्या नोंदणीचे शिबिर भरले होते व त्याची जबाबदारी आम्हां दोघा प्राध्यापकांकडे होती. अर्ज क्रमांक सहा भरून घ्यावयाचा, वयाचा व राहत्या पत्त्याचा पुरावा पाहावयाचा, एवढेच काम. अठरा वर्षे पूर्ण झालेली मुले-मुली उत्साहाने रांगेत उभी होती. माझ्या अर्थशास्त्राच्या वर्गातील एक विद्यार्थिनी मात्र कोरा अर्ज हातात घेऊन बाजूला थांबली होती. एरवी वर्गात सर्वांआधी प्रश्न विचारणारी ही मुलगी आज मागे का, म्हणून मी चौकशी केली. ती म्हणाली, "सर, माझ्याकडे आधार आहे. शाळेच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्व भारतीय असेच लिहिले आहे. पण माझा पासपोर्ट अमेरिकेचा आहे. मी सही करू का?"

त्या अर्जावर अर्जदाराने आपण भारताचे नागरिक असल्याचे निवेदन करावयाचे असते, आणि खोटे निवेदन हा गुन्हा आहे. मी तिला सही करू नकोस, आधी घरच्यांशी बोल, असे सांगितले. त्या एका न झालेल्या सहीमुळे मला गेली दीड-दोन वर्षे नागरिकत्वाचा कायदा वाचावा लागला. मी कायद्याचा अभ्यासक नाही, अर्थशास्त्र शिकविणारा मनुष्य आहे. परंतु जो प्रश्न आपल्या शेजारच्या घरातून उठून वर्गात येऊन बसतो, त्याच्याकडे 'हा आमचा विषय नव्हे' असे म्हणून पाठ फिरविता येत नाही.

एका घरात दोन देश

आम्ही दोघेही ताथवड्याचे रहिवासी. मुंबई-बंगळूर महामार्गाच्या कडेचे हे गाव गेल्या दोन-तीन दशकांत ओळखू येणार नाही इतके बदलले. महामार्गाच्या पलीकडे हिंजवडीची संगणक-नगरी, दुसऱ्या दिशेला पिंपरी-चिंचवडचे कारखाने, पुढे चाकण. या तिन्हींमध्ये नोकरी करणारी कुटुंबे येथील उंच इमारतींतून राहू लागली. या मुलीचे वडील संगणक-व्यवसायातले. कंपनीने त्यांना परदेशी कामगिरीवर, त्या व्यवसायाच्या भाषेत 'ऑनसाइट', अमेरिकेला पाठविले. मुलगी तेथे फेब्रुवारी २००५ मध्ये जन्मली. आईवडील दोघेही तेव्हा भारताचे नागरिक होते, आजही आहेत. मूल चार वर्षांचे झाल्यावर कुटुंब परत आले. धाकटा मुलगा २०१० साली चिंचवडच्या रुग्णालयात जन्मला.

त्या घरी मी गेलो तेव्हा आजीबाईंनी मला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला आजही नीट देता येत नाही. त्या म्हणाल्या, "गुरुजी, दोघंही एकाच आईबापाची. एकाच ताटात जेवली. मग नातू आपला आणि नात परकी, हे कसं?"

कायद्याच्या भाषेत उत्तर सोपे आहे. नातू भारतात जन्मला आणि त्याचे आईवडील दोघेही नागरिक होते, म्हणून कोणताही अर्ज न करता तो जन्माने नागरिक झाला. नात भारताबाहेर जन्मली. तिचा हक्क जन्माचा नव्हे, वंशाचा होता. तो हक्क पदरात पडण्यासाठी तिच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत होणे आवश्यक होते. ती झाली नाही. म्हणून कायद्याच्या दृष्टीने ती कधीही भारतीय नव्हती.

नोंद का झाली नाही? येथे लबाडी नाही, देशद्रोह नाही, फार मोठा हिशेबही नाही. मूल सहा महिन्यांचे असताना आजीला दाखविण्यासाठी भारतात आणावयाचे होते. अमेरिकेत जन्मलेले मूल तेथील कायद्याने अमेरिकेचे नागरिक असते, त्यामुळे तेथून बाहेर पडताना व परतताना त्याने तेथीलच पासपोर्ट वापरावा असा नियम आहे. बरोबरच्या सर्वांनी तेच केले होते, यांनीही केले. आणि ज्या मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट आहे, त्याच्या जन्माची नोंद आपली वकिलात करू शकत नाही. एका विमानप्रवासाच्या सोयीसाठी घेतलेल्या पुस्तिकेने मुलीचा देश ठरला. तिच्या आईवडिलांना हे त्या वेळी ठाऊकही नव्हते.

कायदा कसा घडत गेला

येथे थोडा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. घटना समितीत ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली, तेव्हा महाराष्ट्राचीच दोन थोर माणसे परस्परविरुद्ध बाजूंनी बोलत होती. डॉ. आंबेडकरांनी मांडलेल्या मसुद्यात भारतभूमीवरील जन्माला मोठे स्थान होते. केवळ जन्माच्या आधारावर नागरिकत्व दिल्यास ते फार स्वस्त होईल, अशी टीका विदर्भाच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी केली. अखेर घटनेने प्रारंभीच्या नागरिकत्वाची व्यवस्था लावली आणि पुढचा सर्व अधिकार अनुच्छेद ११ अन्वये संसदेकडे सोपविला. मात्र स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याला भारतीय नागरिक मानता येणार नाही, हे तत्त्व अनुच्छेद ९ मध्ये तेव्हाच आले.

संसदेने १९५५ साली नागरिकत्वाचा कायदा केला. त्याच्या कलम ४ मध्ये परदेशी जन्मलेल्या मुलांची तरतूद होती. पिता भारताचा नागरिक असेल तर मूल भारताचे नागरिक. जन्माची नोंद एका वर्षात वकिलातीत करण्याची अट त्या कायद्यातही होती, परंतु ती सर्वांना नव्हती. ज्याचा पिता स्वतःच केवळ वंशाने नागरिक झालेला असेल, म्हणजे जे कुटुंब परदेशात दुसऱ्या पिढीत जाऊन पोहोचले असेल, त्यालाच ती लागू होती. यामागील विचार सुज्ञपणाचा होता. पहिली पिढी परदेशी गेली तरी तिचे घरदार, नातीगोती, शेतीवाडी येथेच असते, तेव्हा तिच्या मुलांवर संशय घेण्याचे कारण नाही. दुसऱ्या पिढीत धागा सैल होतो, तेव्हा राज्याने 'तुमचे या देशाशी नाते अजून आहे काय' असे विचारावे, हे रास्त आहे.

त्या कायद्यात मोठा दोष होता तो स्त्रियांच्या बाबतीत. नागरिकत्व पित्याकडूनच मिळे, मातेकडून नाही. पुण्याच्या मुलीने परदेशी गृहस्थाशी विवाह केला आणि तिचे मूल परदेशात जन्मले, तर ती स्वतः आजन्म भारतीय राहूनही तिचे मूल परके ठरे. हा अन्याय दूर व्हावयास १० डिसेंबर १९९२ ही तारीख उजाडावी लागली. त्या दिवसापासून आईवडिलांपैकी कोणीही एक नागरिक असले तरी पुरे झाले.

यानंतरचा बदल ३ डिसेंबर २००४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने केला. १९५५ साली जी नोंदणीची अट दुसऱ्या पिढीपुरती होती, ती आता सरसकट सर्वांना लागली. परदेशात जन्मलेल्या मुलाच्या जन्माची नोंद एका वर्षात झाली नाही, तर ते मूल नागरिकच नव्हे. मुदत उलटल्यावर केंद्र शासनाच्या परवानगीने नोंद होऊ शकते, परंतु ती परवानगी आहे, हक्क नव्हे. शिवाय मुलाकडे अन्य देशाचा पासपोर्ट नाही, असे आईवडिलांनी जाहीर केले पाहिजे. आमची विद्यार्थिनी या बदलानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी जन्मली. नोव्हेंबर २००४ मध्ये जन्मलेल्या तशाच मुलीला नागरिक होण्यासाठी वकिलातीतील नोंदीची गरज नव्हती, हिला होती. एवढ्या मोठ्या फरकाची बातमी ज्यांना लागावयास हवी होती, त्या घरांपर्यंत ती किती पोहोचली, हे ताथवड्याच्या या एका घरावरून समजते.

गंमत अशी, की ज्या दुरुस्तीने दार अरुंद केले, तिनेच शेजारी एक नवी खिडकी उघडली. डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या समितीने परदेशस्थ भारतीयांना दुहेरी नागरिकत्व द्यावे अशी शिफारस केली होती. तीतून निघाली ती 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', म्हणजे लोकभाषेत ओसीआय, ही योजना. नावात 'सिटिझन' असले तरी हे नागरिकत्व नव्हे. हे कार्ड असणाऱ्याला येथे आजन्म येता-राहता येते, बहुतेक खाजगी नोकऱ्या करता येतात. पण मत देता येत नाही, निवडणूक लढविता येत नाही, सरकारी सेवेत सामान्यतः जाता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. केंद्र शासनाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने तर केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या शैक्षणिक जागाही यांना बंद केल्या. ही अधिसूचना आधीपासूनच्या कार्डधारकांना लागू करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला, म्हणून अनेक मुले वाचली. नंतरच्यांना तो आधार नाही.

तीन देश, तीन प्रकार

आपल्या या पट्ट्यातून बाहेर जाणारी कुटुंबे सामान्यतः तीन दिशांना जातात आणि प्रत्येक दिशेला प्रश्नाचे रूप निराळे आहे.

अमेरिकेत जन्मभूमीचे तत्त्व आहे. त्यांच्या घटनेतील चौदावी दुरुस्ती १८६८ ची. त्या देशात जन्मलेले मूल, अगदी थोडे अपवाद वगळता, तेथील नागरिक. हिंजवडीच्या कुटुंबांची मुले याच मार्गाने परक्या पासपोर्टची धनी होतात. तेथील राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी एक आदेश काढून तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या पालकांच्या मुलांना हा लाभ मिळू नये असे ठरविले. एच-वन-बी परवान्यावरील भारतीय कुटुंबांत त्या वेळी केवढी घबराट उडाली, हे वाचकांना स्मरत असेल. तेथील न्यायालयांनी तो आदेश अंमलात येण्यापूर्वीच रोखला. परंतु त्या प्रसंगाने एक गोष्ट ध्यानात आणून दिली. दुसऱ्या देशाच्या दारावर किती विसंबावे, याला मर्यादा असते, आणि अशा वेळी मुलाला उरतो तो फक्त आईबापांचा देश.

चाकणच्या मोटार-कारखान्यांतून माणसे जर्मनीला जातात. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाल्यापासून हा ओघ आपल्या परिचयाचा आहे. दोन-तीन वर्षांसाठी गेलेल्या तंत्रज्ञाचे मूल तेथे जन्मले तरी ते जर्मन होत नाही. त्यासाठी आईवडिलांपैकी एकाचे कित्येक वर्षांचे कायदेशीर वास्तव्य आणि कायमस्वरूपी राहण्याचा हक्क असावा लागतो. वास्तव्याची ही अट पूर्वी आठ वर्षांची होती, जून २०२४ पासून ती पाच वर्षांची झाली. अशा मुलाला घरी आणावयाचे तर भारतीय पासपोर्टच काढावा लागतो आणि त्या निमित्ताने जन्माची नोंद होऊन जाते. म्हणून येथे तक्रारी कमी. पण ही कायद्याची नव्हे, योगायोगाची कृपा आहे. ज्याला परका पासपोर्ट मिळतो तो सापळ्यात सापडतो, ज्याला मिळत नाही तो सुटतो.

तिसरी दिशा आखाताची. रत्नागिरी-रायगडच्या खाडीपट्ट्यातील घराघरांतून १९७० नंतरच्या तेलाच्या भरभराटीत माणसे दुबई, कुवेत, बहरीनला गेली. आपल्या औद्योगिक पट्ट्यातील जोडारी, वेल्डर, वाहनचालकही गेले. त्या देशांत तेथे जन्मल्याने परदेशी कामगाराच्या मुलाला नागरिकत्व मिळत नाही. ते तेथील पित्याच्या वंशाने चालते. म्हणजे या मुलाला भारताखेरीज दुसरा आसराच नाही. ज्यांची कागदपत्रे चोख आहेत त्यांचे निभावते. ज्याच्या वास्तव्याची मुदत संपली आहे, ज्याचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवला आहे, ज्याच्या विवाहाचा दाखला गावी राहिला आहे, तो कोणत्याही कचेरीच्या पायरीवर चढावयास भितो. महिने उलटतात, वर्ष संपते. मग त्या मुलाला जन्मभूमी स्वीकारीत नाही आणि पितृभूमीच्या नोंदवहीत त्याचे नाव नसते. हिंजवडीच्या मुलीचे नुकसान मताचे व नोकरीचे आहे, या मुलाचे नुकसान संपूर्ण आहे. सरसकट लावलेला नियम सर्वांत जड कोणावर पडतो, हे येथे दिसते.

गोव्याचा धडा

शेजारच्या गोव्याचे उदाहरण येथे विचारात घेण्याजोगे आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला पोर्तुगालचा कायदा आजही आपले नागरिकत्व घेऊ देतो, आणि त्याच्या मुलांनाही वंशाने तो हक्क पोहोचतो. साठ वर्षांनंतरही लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करता येते. या वाटेने हजारो गोमंतकीय ब्रिटनला गेले. त्यांपैकी ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले त्यांचे भारतीय नागरिकत्व कलम ९ अन्वये संपले, आणि त्यानंतर जन्मलेली त्यांची मुले त्यांच्यामार्फत वंशाने भारतीय ठरत नाहीत.

पोर्तुगालचे अनुकरण करावे असे माझे म्हणणे नाही. वसाहतवादाची ती शेपटी आहे. परंतु चार शतकांहून अधिक काळ जेथे राज्य केले तेथील माणसांना जो देश साठ वर्षांनंतरही नोंदवहीत जागा ठेवतो, त्याच्या शेजारी स्वतःच्या नागरिकांच्या पोटच्या मुलांना तीनशेपासष्ट दिवसांनंतर दार लावून घेणारा आपला कायदा फार आखूड वाटतो. जर्मनीतही परदेशी जन्मलेल्या मुलांसाठी एका वर्षात नोंदणीची अट आहे, पण ती ३१ डिसेंबर १९९९ नंतर स्वतःच परदेशात जन्मलेल्या जर्मन पालकांच्या मुलांसाठी, म्हणजे दुसऱ्या पिढीसाठी आहे. कॅनडाने २००९ साली पहिल्या पिढीवरच रेघ ओढली होती, तिच्या जागी २०२५ च्या दुरुस्तीने पालकाच्या स्वदेशातील १,०९५ दिवसांच्या वास्तव्याची कसोटी आणली. दोन्ही देशांनी विचारलेला प्रश्न एकच: पालकाचे देशाशी नाते किती? आपला १९५५ चा कायदाही तेच विचारीत होता. आजचा कायदा मात्र विचारतो: अर्ज केव्हा केला?

निर्णय एकाचा, परिणाम दुसऱ्यावर

अर्थशास्त्रात आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितो, की जेथे निर्णय घेणारा एक व त्याचे परिणाम भोगणारा दुसरा असतो, तेथे निर्णय बहुधा चुकतात. कारखान्याचे सांडपाणी पवना नदीत सोडणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागत नाही, ती खालच्या अंगाला राहणाऱ्याला द्यावी लागते. परदेशी जन्मलेल्या मुलाच्या नागरिकत्वाची गत तशीच आहे. पालक आपल्या त्या वेळच्या सोयीने निर्णय घेतात, त्याचे बिल अठरा वर्षांनी मुलाच्या हाती पडते.

पालकांची बाजू सर्वस्वी निर्दोष आहे असेही मानण्याचे कारण नाही. परक्या देशाचा पासपोर्ट हा विमा आहे, मुलाला पुढे तेथे शिकावयास, नोकरीस सोपे जाईल, असा हिशेब कित्येक घरांत उघडपणे केला जातो. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडले, अशी माहिती शासनानेच संसदेत दिली आहे. ज्यांनी जाणूनबुजून दोन्ही दरडींवर पाय ठेवला, त्यांनी नंतर एक दरड खचल्याची तक्रार करू नये, हे म्हणणे मला मान्य आहे. परंतु ते म्हणणे पालकांना लागू पडते. सहा महिन्यांच्या मुलाने कोणता हिशेब केला होता?

राज्याच्या बाजूनेही दोन मुद्दे रास्त आहेत. एक म्हणजे निष्ठा. प्रौढ माणसाला दोन देशांचा एकाच वेळी नागरिक होता येऊ नये, हे घटनेने स्वीकारलेले तत्त्व मलाही पटते, आणि ते बदलावे अशी माझी मागणी नाही. दुसरा मुद्दा फसवणुकीचा. परदेशात जन्मलेल्या मुलाचे खरे आईबाप कोण, हे कालांतराने तपासणे कठीण होते, म्हणून लवकर नोंद व्हावी ही अपेक्षा योग्यच आहे. पण पुराव्यासाठी घातलेली मुदत आणि हक्कासाठी घातलेली मुदत यांत अंतर आहे. जन्मदाखला उशिरा काढला तर आपण दंड घेतो, अधिक पुरावे मागतो, दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावयास लावतो. मूल जन्मलेच नाही, असे म्हणत नाही.

विशेष म्हणजे निष्ठेच्या प्रश्नाचे उत्तर याच कायद्यात आहे. कलम ४ चे पोटकलम असे सांगते, की वंशाने भारतीय असलेले अल्पवयीन मूल दुसऱ्याही देशाचे नागरिक असेल, तर त्याने सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत ते दुसरे नागरिकत्व सोडावे, न सोडल्यास भारतीय नागरिकत्व संपेल. म्हणजे अठरा वर्षांपर्यंत मुलाला दोन नागरिकत्वे असू शकतात, हे कायद्यास मान्य आहे. त्याने स्वतः निवड करावी, हेही मान्य आहे. मान्य नाही ते एवढेच, की जन्माची नोंद होताना त्याच्या नावे दुसऱ्या देशाची ती छोटी पुस्तिका असावी. आणि जन्मलेल्या देशाचा नियमच असा, की पुस्तिकेवाचून मूल हलू शकत नाही. एका हाताने दिलेला निवडीचा अधिकार दुसऱ्या हाताने असा काढून घेतला आहे.

न्यायालये काही करतील, ही आशा फार धरता येणार नाही. सिंगापूरचे नागरिकत्व घेतलेल्या एका भारतीय दांपत्याचे मूल त्यानंतर तीन महिन्यांच्या आत जन्मले. आईच्या उदरात असताना आपण भारतीय होतो, असे त्याचे म्हणणे. मद्रास उच्च न्यायालयाला ते पटले, सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०२४ रोजी ते अमान्य केले. कायद्याचे शब्द स्पष्ट असतील तर त्यांना भावनेने ताणता येत नाही, हा त्या निकालाचा बोध. तेव्हा शब्द बदलावयाचे तर ते संसदेनेच बदलले पाहिजेत.

काय करावे

पहिली गोष्ट, १९५५ चा विवेक परत आणावा. ज्या मुलाचा पिता वा माता भारतात जन्मलेली नागरिक आहे, त्याचे नागरिकत्व जन्मतःच मानावे. वकिलातीतील नोंद ही त्याचा पुरावा असावी, अट नसावी. दुसऱ्या व पुढच्या पिढ्यांसाठी अट जरूर ठेवावी.

दुसरी गोष्ट, उशिरा होणारी नोंद मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत हक्काने आणि भारतातही करता यावी. हे अशक्य नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातील कलम २० अन्वये, परदेशात जन्मलेल्या मुलाला घेऊन कायमच्या वास्तव्यासाठी परतलेल्या आईवडिलांना, मूल भारतात आल्यापासून साठ दिवसांत येथील निबंधकाकडे त्याच्या जन्माची नोंद करता येते. महापालिकेच्या कचेरीवर कायदा एवढा विश्वास टाकतो, तर जिल्हाधिकाऱ्यावर थोडा अधिक टाकावयास हरकत नसावी.

तिसरी गोष्ट, जन्मलेल्या देशाचा पासपोर्ट केवळ प्रवासासाठी अल्पवयात काढला गेला असल्यास तो नोंदीच्या आड येऊ नये. निवडीचा दिवस कायद्याने नेमून दिलाच आहे. त्या दिवशी ज्याने त्याने निवड करावी आणि तिचे परिणाम स्वतः सोसावेत.

चौथी गोष्ट कायद्याची नव्हे, आपल्या घरची आहे. नागरिक आईवडिलांच्या अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंद करण्याची सोय याच कायद्याच्या कलम ५ मध्ये आजही आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यामार्फत करावयाचा असतो. परका पासपोर्ट सोडावा लागतो, वेळ लागतो, पण वाट आहे. ती अठराव्या वाढदिवशी बंद होते. हिंजवडी, वाकड, ताथवडे, पुनावळे येथील किती पालकांना हे ठाऊक आहे? पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी 'राष्ट्रीयत्व' या रकान्यात डोळे मिटून 'भारतीय' असे लिहिणाऱ्या शाळांनी जन्मदाखला परदेशी दिसताच पालकांना दोन शब्द सांगितले, तरी पुष्कळ मुलांचे दैव बदलेल. आखातातील वकिलातींनी कामगारांच्या वस्तीत जाऊन, दंडाची धास्ती न दाखविता, मुलांची नोंद करून घेतली तर ती याहून मोठी सेवा होईल.

परदेशी जन्मलेल्या आपल्या माणसांचा आपल्याला अभिमान फार. डब्लिनमध्ये जन्मलेले लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातील वराड गावाला किती आनंद झाला! २०१९ च्या अखेरीस ते त्या गावी येऊन गेले तेव्हा गावकऱ्यांनी कौतुकाने स्वागत केले. तो आनंद खरा होता. परंतु जे परदेशी जाऊन मोठे झाले त्यांना आपले म्हणणे सोपे आहे. जी मुले परदेशातून परत येऊन आपल्याच गल्लीत वाढली, मराठी शाळासोबत्यांबरोबर खेळली, त्यांना आपले म्हणावयास कायद्याची ओळ बदलावी लागते, म्हणून ते कठीण.

आमची विद्यार्थिनी आता पदवीच्या शेवटच्या टप्प्यावर आहे. पदव्युत्तर शिक्षण घेऊन भारतीय अर्थसेवेची परीक्षा द्यावी, अशी तिची इच्छा आहे, आणि तेवढी तिची योग्यताही आहे. त्यासाठी तिला नागरिक व्हावे लागेल. अल्पवयीनांची वाट तिच्यासाठी बंद झाली. ओसीआय कार्ड पाच वर्षांचे झाले आहे आणि अर्जापूर्वीचे सलग वर्ष येथे वास्तव्य आहे, या आधारावर ती आता अर्ज करीत आहे. ज्या देशात ती चार वर्षांची असल्यापासून राहिली, त्या देशाकडे परक्या पाहुण्यासारखी नागरिकत्वाची याचना. अमेरिकेचे नागरिकत्व सोडण्याची तिची तयारी आहे. "सोडायचं ठरवायला मला एक मिनिटही लागलं नाही, सर," ती म्हणाली.

तिला हाच प्रश्न अठराव्या वर्षी आपल्या कायद्याने विचारला असता, तर उत्तर हेच आले असते. कायद्याने तो तिला विचारला नाही. ती बोलू शकत नव्हती तेव्हा त्याने तो दुसऱ्यांना विचारला, आणि त्यांचे मौन हेच तिचे उत्तर धरले. पुढच्या निवडणुकीपूर्वी आमच्या महाविद्यालयात पुन्हा शिबिर भरेल. त्या रांगेत ती उभी असावी, आणि तिच्यासारखे दुसरे कोणी बाजूला थांबलेले नसावे, एवढे संसदेच्या हाती आहे.